तिफण चालली यवतमाळले : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५, बुधवार

शिल्पाची वर्कऑर्डर आली. गवळाऊ बैलांची जोडी, मागे तिफणीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) चाड्यावर, म्हणजे बी टाकायच्या वाडग्यावर, मूठ धरलेला माणूस, त्याच्याही मागे सरतं (दोरीनं ओढत नेलेली बियांची वेगळी नळी) धरून तूर सोडणारी बाई. सगळं लोखंडात, खऱ्याच्या दुप्पट. जागा यवतमाळ शहरातली एक बाग, रस्त्यावरून दिसेल अशी. मुदत गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च.

मातीचा नमुना नागपूरच्या शिल्पकार मॅडमचा, लोखंड आमचं. वर्कशॉप वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातल्या आमच्या गावातच राहणार. पत्रा वाकवायचं मशीन, शेड आणि हाताखालची माणसं इथं आहेत. शहरात तेवढ्या जागेचं भाडं भरायचं तर बैल अर्धेच बनतील. त्यामुळे कामाचे दोन भाग पडतात, बनवणं आणि नेणं. मी म्हणतो, नेण्याचं आधी ठरवा. मॅडम म्हणतात, आधी बैल तर होऊ द्या.

मूळ बेत चौकातल्या सर्कलवर बसवायचा होता. तो पहिल्याच बैठकीत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि तशा वापराच्या जागांवर पुतळ्याला परवानगी देता येत नाही. थोर व्यक्तींच्या पुतळ्यांना तर राज्यात २०१७ चा शासन निर्णय लागतो, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आमचे बैल थोरच आहेत, पण त्या यादीत बसत नाहीत. तरी बाग मिळाली ते बरं झालं. सर्कलवर क्रेन उभी करायची म्हणजे अख्ख्या चौकाची वाहतूक अडवणं आलं.

१२ जानेवारी, रविवार

रस्ता मोजला. वायरमन भाऊ सुट्टीच्या दिवशी आले, त्यांची फायबरची मोजकाठी घेऊन. तारेजवळ बांबू न्यायचा नाही, कितीही वाळलेला असला तरी, हे त्यांनी मिस्त्रीला दोनदा बजावलं.

वर्कशॉप ते हायवे हा जिल्हा परिषदेचा अरुंद रस्ता. सगळी अडचण तेवढ्यातच आहे. पुढे नागपूर–तुळजापूर महामार्ग, चौपदरी. तिथं आमच्या उंचीला कोणी विचारत नाही.

मोजलेलं असं. पीठगिरणीसमोर रस्ता ओलांडणारी घरगुती लाइन ४.६ मीटरवर. नियमानं रस्ता ओलांडणाऱ्या लो-टेन्शन तारेखाली ५.८ मीटर मोकळं हवं, पण खांब कलला, ताण सैल झाला, की तार खाली येतेच. शाळेच्या वळणावर कडुनिंबाची फांदी ४.२. कालव्यावरचा पूल रुंदीला पुरतो. आणि गावाची स्वागत कमान मधोमध ४.३५, कडेला त्याहून कमी. कमानीखाली रस्त्याचं अलीकडेच पुन्हा डांबरीकरण होऊन दोन इंचांचा थर चढला आहे. उंची लिहिलेली पाटी मात्र जुनीच. पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, फूटपट्टीवर ठेवायचा.

आता गाडी. लो-बेड ट्रेलर बुटका असतो, पण लांब. शाळेच्या वळणावर तो बसत नाही, त्यासाठी शाळेची भिंत पाडावी लागेल. वीस फुटी उघडा ट्रक वळतो, पण त्याचा फाळका जमिनीपासून १.३ मीटरवर. म्हणजे दुप्पट मापाचा बैल वशिंडाशी जवळपास तीन मीटर, अधिक १.३. कमानीखालून तो केवळ चाटून जाईल. मान वर केलेलं डोकं तर कमानीच्याही वर.

रुंदीचंही तेच. रस्त्यावरच्या गाडीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा. जू लावलेली जोडी दुप्पट मापात साडेतीन मीटरच्या वर जाते. जोडी जुंपलेली नेता येणार नाही.

मॅडमना रात्री फोन केला: माप पावणेदोन पट करा. वशिंडापाशी २.६ मीटर, ट्रकवर ३.९. डोकं वेगळं. जू वेगळं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि मान कुठून कापायची?"

१६ जानेवारी, गुरुवार

मान कुठून कापायची यावर आजचा सगळा दिवस गेला. ही नोंद लांबणार.

जोड कुठंतरी दिसणारच. बोल्ट घातलेला फ्लँज, म्हणजे दोन जाड लोखंडी कड्या एकमेकींवर बसवून आवळायच्या. वेल्डिंगचा पर्याय मी नाकारला: जागेवर वेल्ड केलं की आतला रंग जळतो, आतून रंग पुन्हा लावता येत नाही, आणि तिथूनच गंज सुरू होतो. वर पुढे कधी बैल हलवायची वेळ आली तर मान गॅसकटरनं कापावी लागेल.

मॅडमची पहिली कल्पना झुलीची. पाठीवरून मानेपर्यंत झूल, खाली जोड लपेल. कागदावर फारच छान दिसली. तेवढ्यात शेजारच्या वाड्यातले काकाजी आले. ते रोज येतात, खाटेवर बसतात, काही बोलत नाहीत. आज चित्र पाहिलं आणि म्हणाले, "पेरणीच्या दिवशी बैलाले झूल कोन टाकते जी? पोळा हाय का?"

झूल गेली. मग घुंगरांची माळ, तिलाही काकाजींची तीच हरकत. मग मॅडम म्हणाल्या की गळ्याखालची पोळी लोंबते तिथून कापू. पण तिथं घडी नाही, गुळगुळीत पत्रा आहे. जोडाची रेघ दहा पावलांवरून दिसेल.

शेवटी उत्तर बैलानंच दिलं. काकाजी त्यांची जोडी घेऊन आले (गवळाऊच आहे, आर्वीकडून आणलेली, पांढरी, आखूड शिंगांची), जुंपून दाखवली. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं. तिथून शिवळा, म्हणजे जुवातल्या उभ्या काठ्या, खाली येतात आणि गळ्याखालून जोतं (दोर) बांधलेलं असतं. म्हणजे मानेभोवती पूर्ण वेढा आहेच. तोच जोड. वर जू, बाजूला शिवळा, खाली जोतं. फ्लँजची कडी जोत्याच्या दोरखंडाआड जाते, कुठलीही खोटी गोष्ट न घालता.

मॅडमनी तिथंच मातीत खूण केली. काकाजींनी शिंगांवरही एक शेरा मारला, मॅडमनी ती अर्ध्या वितीनं कमी केली. गवळाऊचं डोकं लांबट आणि निमुळतं, शिंगं आखूड. कॅलेंडरवरच्या बैलासारखी उंच गोल शिंगं लावली असती तर वर्ध्या-आर्वीच्या कोणत्याही माणसानं यवतमाळात उभं राहून हसलं असतं. वर तारेखालीही ती अडकली असती.

२७ जानेवारी, सोमवार

बागेत खड्डा घेतला. वर फूटभर भराव, खाली काळी माती पुरुषभर, मग चुनखडीचे खडे मिसळलेला थर आणि त्याखाली पिवळा मुरूम.

काळी माती म्हणजे आमच्या भागातल्या प्रत्येक बांधकामाचं दुखणं. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर हलकं वजन असेल तर त्रास जास्त, कारण माती फुगताना वजन दाबून ठेवत नाही, सरळ उचललं जातं. आमचं शिल्प दिसायला भारी, पण आतून पोकळ. एक बैल जेमतेम टनभर. पाच खूर जमिनीवर आणि तीन हवेत असलेली जोडी, एका कोपऱ्यानं दोन सेंटिमीटर जरी उचलली गेली तरी मधलं जू पिळवटेल.

माती खोल असती तर अंडर-रीम्ड पाइल घेतले असते, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले खांब. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात अशा मातीत ते किमान साडेतीन मीटर न्यायला सांगितलेत, कारण तेवढ्या खोलीखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. इथं मुरूम वरच लागल्यामुळे इंजिनिअर साहेबांनी सोपा मार्ग घेतला: काळी माती सगळी काढायची, मुरुमावर काँक्रीटचा एकसंध राफ्ट (सलग पसरट पाया), चारही बाजूंनी मुरूमच भरायचा. काढलेली माती परत खड्ड्यात ढकलायची नाही. भोवती उतार देऊन पाणी बाहेर. बागेतला ठिबकचा पाइप राफ्टपासून दूर.

ठेकेदाराचा ट्रॅक्टरवाला माती परत भरायला तयारच होता, वाहतूक वाचते म्हणून. ती माती शेवटी एका काकांनी लिंबाच्या बागेला नेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्या बैलाचा सांगाडा उभा झाला. पोटातून जाड पाइपचा कणा, पायांत पाइप, खुरांखाली सी-चॅनलची चौकट. ही चौकट बैलासोबतच प्रवास करेल. तिचे दोन फायदे: ट्रकवर पट्टे चौकटीला बांधता येतात, बैलाच्या पायाला नाही, आणि जागेवर ती नांगरलेल्या मातीच्या पोताखाली गाडली जाते.

उचलायच्या कड्या आजच वेल्ड केल्या, कण्याला. नंतर पत्र्यावर कड्या लावणारे लोक मी पाहिले आहेत. चार मिलिमीटरचा पत्रा एका कडीवर टनभर वजन धरत नाही, कागदासारखा फाटतो. आमच्या कड्या वशिंडाच्या मागे आणि कमरेवर, आटे पाडलेल्या खोबणीत. उचलून झालं की काढायच्या आणि त्या जागी झाकण.

कड्यांची जागा गुरुत्वमध्यावरून ठरवली. सांगाडा एका कडीवर टांगला, ओळंबा सोडला, पाइपवर खडूची रेघ मारली. मग दुसऱ्या जागेवरून टांगला, पुन्हा ओळंबा. दोन रेघा जिथं कापतात तिथं मध्य. पत्रा चढल्यावर तो थोडा पुढे सरकेल, डोकं नसल्यानं थोडा मागे. मिस्त्री म्हणाला, "बैल नाकावर उभा नाई राह्यला पायजे हवेत." तेवढंच साधायचं आहे.

साखळीच्या कोनाबद्दल पोरांना फळ्यावर काढून दाखवलं. दोन पट्ट्यांनी वजन उचलताना पट्टे आडव्याशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. तेच पट्टे पसरून ३० अंशांवर आले की प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा. पट्टा लहान पडतो म्हणून पसरट लावणं ही सगळीकडची सवय, आणि पट्टे तुटतात ते बहुतेक याच सवयीनं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्रा चढतो आहे. चार मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ३१.४ किलो (दर मिलिमीटरला ७.८५). मॅडमना बरगड्यांवर जिनिंगचा (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा) भंगार हवा होता: बंद पडलेल्या एका जिनमधले गिअर, डबल रोलर जिनच्या सुऱ्या, शाफ्टचे तुकडे. छान दिसतं, पण प्रत्येक गिअर दहा-बारा किलोचा. वजन वाढत चाललं तसं मी रोज संध्याकाळी वजनाचा आकडा दारावर लिहायला सुरुवात केली. भंगार वरच्या अंगाला नको, पोटाच्या खालच्या अर्ध्या भागात, एवढी तडजोड झाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पोरांना जेवताना हैदराबादच्या बुद्धाची गोष्ट सांगितली, कारण ट्रकची चिंता सगळे करतात आणि शेवटच्या शंभर फुटांची कोणी करत नाही. हुसेनसागरातला तो पुतळा, ५८ फुटी, भोंगीरजवळच्या रायगिरीच्या पांढऱ्या ग्रॅनाइटचा, एकसंध. शेकडो टनांचा दगड खडकातून काढला, अनेक चाकांच्या ट्रेलरवरून हैदराबादपर्यंत नीट आणला. १० मार्च १९९० ला तळ्यातल्या चौथऱ्याकडे नेताना तराफा कलला आणि पुतळा पाण्यात गेला. आठ माणसं गेली. पुढे तो तळातून काढून १ डिसेंबर १९९२ ला उभा केला, दगडाला मोठी इजा नव्हती.

मिस्त्रीचं म्हणणं, "आपल्या बागेत कोठं तलाव हाय?" तलाव नाही, पण फाटकापासून चौथऱ्यापर्यंतची वाट पेव्हर ब्लॉकची आहे, खाली नालीचा चेंबर आहे, आणि क्रेन त्यावरूनच जाणार.

३ मार्च, सोमवार

गंज. ऑगस्टपासून जो येतो तो मालवणचं विचारतो. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर नटबोल्टचा गंज हा विषय पानठेल्यापर्यंत पोचला आहे, आणि ते वाईट नाही. आधी फक्त रंग कोणता हेच विचारायचे.

समुद्राची खारी हवा यवतमाळला नाही. आमचा शत्रू आत साचलेलं पाणी. पोकळ लोखंडात पाऊस कुठूनही शिरतो, शिवाय हिवाळ्यात पहाटे आतल्या बाजूला दव धरतं. म्हणून जमिनीवरच्या प्रत्येक खुराच्या मागच्या फटीत भोक, पोटाच्या सर्वांत खालच्या बिंदूला भोक, उचललेल्या पायाच्या गुडघ्यापाशीही एक. भोक लहान ठेवलं तर कुंभारीण माशी मातीनं बुजवते, मोठं ठेवलं तर उंदीर. अंगठ्याएवढं ठेवून आतून जाळी लावली.

बोल्ट गॅल्व्हनाइज केलेले. एकानं स्टेनलेसचे सुचवले, महाग म्हणजे चांगले या हिशेबानं. स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना टेकून ओले राहिले की लोखंड लवकर गंजतं. मध्ये नायलॉनची वॉशर नसेल तर तो खर्च उलटा पडतो. रंग असा: खरवडून झिंकचा प्रायमर, वर इपॉक्सी, शेवटी ऊन झेलणारा पीयू (पॉलियुरेथेन). आतून दोन हात, मानेच्या तोंडातून नळी घालून. मान वेगळी असल्याचा हा फायदा कोणी आधी मोजला नव्हता.

१० मार्च, सोमवार

राफ्टवर अँकर बोल्ट बसले. चौकटीच्याच मापाचा पत्र्याचा साचा इथून नेला होता, भोकं दोन्हींना एकत्रच पाडलेली. काँक्रीट ओतताना साचा जागेवर ठेवून बोल्ट हलू दिले नाहीत.

वाऱ्याचा हिशेब इंजिनिअर साहेबांनी समजावला. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे, तोच त्यांनी धरला. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या वजनाएवढा दाब. बैलाची कूस चारेक चौरस मीटर. एका बैलाला आडवा धक्का पावणेपाचशे किलोच्या आसपास, आकाराचे गुणांक लावायच्या आधी. टनभराच्या बैलाला तेवढ्यानं पाय सुटू नयेत म्हणून बोल्ट. बैल स्वतःच्या वजनावर उभा राहील ही समजूत इथंच संपते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काम बंद.

१८ मार्च, मंगळवार

वाहतुकीची जुळवाजुळव. वीस फुटी ट्रक बैलांसाठी, छोटा ४०७ डोकी, जू, तिफण, माणूस आणि बाई यांच्यासाठी. दोघंही आडवी जातील. पीठगिरणीची लाइन अर्धा तास बंद ठेवायचा परमिट वायरमन भाऊ घेतील. ३.९ वर तारेखालून अंतर पुरतं, पण ट्रकवर वाकून पट्टे सांभाळायला एक पोरगा बसेलच आणि त्याचं डोकं मोजलेलं नाही. कडुनिंबाची फांदी ग्रामपंचायतीला सांगून कापली.

वार शुक्रवार, पहाट. मंगळवार बाजाराचा, तो टाळला. कापसाच्या गाड्याही आता कमी झाल्या आहेत. डिसेंबरात निघालो असतो तर फाळक्याबाहेर दोन्हीकडे हात-हात फुगलेल्या कापसाच्या ट्रॉल्यांमधून बैल न्यावे लागले असते. त्या गाड्यांना उंची-रुंदी कोणी विचारत नाही, हे ट्रकवाल्या भाऊंनी मला तीनदा ऐकवलं.

२० मार्च, गुरुवार

भरणी. हायड्रा (चाकांवर चालणारी क्रेन) दुपारी येणार होता, संध्याकाळी आला.

दोन्ही बैल एकाच ट्रकमध्ये, शेजारी-शेजारी, मध्ये जुने टायर. चौकटी फाळक्याला बांधल्या. लॅशिंगचा, म्हणजे पट्ट्यांनी बांधण्याचा, हिशेब करताना पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर धरतात, कारण ब्रेक हा वळणापेक्षा जास्त ओढतो. त्यामुळे पुढे सरकू नये म्हणून लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकले, पट्टे तिरपे ओढले. रंगावर पट्टा येईल तिथं गोणपाट.

चौकटीची उंची धरून माप ३.९८ भरलं. कमान ४.३५. ट्रकवाले भाऊ निवांत: "लागलं तं हवा सोडू चाकातली, चार बोटं गाडी खाली येते."

२१ मार्च, शुक्रवार

पाच वाजता निघालो. कमानीखालून माणूस चालेल त्या वेगानं, मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक जण टॉर्च घेऊन. हवा सोडावी लागली नाही. पीठगिरणीपाशी लाइन बंद होती, वायरमन भाऊ खांबाजवळ उभे. शाळेच्या वळणावर एकदा मागे घेऊन पुन्हा. हायवेला लागेपर्यंत उजाडलं. वेळेचा सगळ्यात मोठा भाग या पहिल्या अरुंद रस्त्यातच गेला, उरलेले साठेक किलोमीटर त्या मानानं पटकन.

भिडीच्या पुढे थांबून सगळे पट्टे पुन्हा ताणले. पहिल्या काही किलोमीटरात पट्टा हमखास सैल पडतो, कारण गोणपाट दबतं आणि ठोकळे बसतात. ही तपासणी न करता पुढे जाऊच नये. तिथं चहाच्या टपरीवर गर्दी जमली. बिनडोक्याचे दोन बैल पाहून एक आजी मागे सरल्या. डोकी मागच्या गाडीत आहेत असं सांगितलं, तर त्या डोकी पाहूनच गेल्या.

वर्धा नदीच्या पुलावर आडवा वारा होता, वेग कमी केला. कळंबला भाऊंनी चिंतामणीला नारळ फोडला, ते त्यांचं नेहमीचं. तिथून पुढे यवतमाळपर्यंत चढ. ट्रकला वजन काहीच नव्हतं, पण चढावर पट्ट्यांचा ताण मागे जातो, म्हणून मागचे ठोकळेही ठोकले होते.

शहरात शिरल्यावर विजेच्या तारांचा त्रास नव्हताच. त्रास इंटरनेट आणि केबलच्या वायरींचा. त्या कुठल्याही उंचीवर लोंबतात आणि विचारायला जावं तर मालक सापडत नाही. दोन ठिकाणी पोरानं लाकडी काठीनं उचलून धरल्या. बागेत पोचलो तेव्हा हायड्रा आधीच हजर. हे सुखद आणि अनपेक्षित.

२२ मार्च, शनिवार

बसवणी. चेंबरच्या वाटेवर जाड लोखंडी प्लेटा अंथरल्या, म्हणजे चाकाचं वजन पसरतं. चेंबरचं झाकण काढून आत लाकडी टेकूही दिले.

चौदा टनी हायड्रा चौदा टन उचलतो तो बूम (क्रेनचा हात) आखडलेली आणि ओझं अगदी जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्यानं उतरते, ते कोष्टक केबिनमध्ये चिकटवलेलं असतं. ऑपरेटर भाऊंनी ते न विचारता वाचून दाखवलं. तेवढ्यावरच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. हायड्रा ओझं घेऊन चालतो आणि वळताना मधून दुमडतो, तेव्हा लटकतं ओझं बाहेर फेकलं जातं. म्हणून ओझं गुडघ्याएवढ्याच उंचीवर, दोन्ही बाजूंना दोरी धरलेली माणसं, आणि बैलाच्या खाली कोणी नाही.

उजवा बैल पहिल्याच बैठकीत बोल्टांवर उतरला. ओळंब्यानं काढलेला मध्य बरोबर आला, बैल हवेत सपाट राहिला. डावा बसवताना एक बोल्ट किंचित वाकलेला निघाला. काँक्रीटनंतर कोणाच्या तरी ढकलगाडीनं धक्का दिला असणार. पाइप घालून सरळ केला.

बघ्यांतल्या एकानं विचारलं, हे पुतळे कोणत्या पक्षाचे. ऑपरेटर भाऊ म्हणाले, "बैलायचे."

२५ मार्च, मंगळवार

डोकी चढली, फ्लँजचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. मग जू. सकाळी बसलं, भोकं जुळली, आणि दुपारी काढून पुन्हा घालताना एका बाजूचं भोक किंचित सरकलेलं. तीन मीटरच्या वर लांबीचं लोखंड, सकाळ ते दुपार उन्हात पत्रा वीस अंशांनी सहज तापतो. लोखंड दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पाऊण मिलिमीटर. यासाठीच एका बैलाकडची भोकं आधीपासून लांबट ठेवली होती. जू एका मानेवर पक्कं, दुसऱ्यावर सरकतं. खऱ्या जुवातही एक बैल पुढे-मागे होतोच.

राफ्टच्या पृष्ठभागात थोडा फरक होता, तो खाली पातळ पट्ट्या घालून काढला. चौकटीखाली न आकसणारा ग्राऊट (फटी भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) ओतला. उन्हात तो लवकर आवळतो म्हणून पहाटेच ओतला आणि ओली पोती टाकली.

माणूस, तिफण आणि बाई हातानंच, चेनपुलीवर. सरत्याची दोरी मॅडमनी स्वतः बांधली; लोखंडी तार आहे, पण सैल दिसली पाहिजे असा त्यांचा हट्ट.

२८ मार्च, शुक्रवार

काकाजी एसटीनं आले, न सांगता. जोडीभोवती फिरले. जोत्यापाशी वाकून पाहिलं, जोड सापडला नाही, मग मला विचारून पाहिला. तिफणीची दांडी थोडी उंच आहे म्हणाले. मॅडमनी मान्य केलं, आता काही करता येत नाही.

हस्तांतर झालं. कागदावर उरलेलं: अर्थिंगचा खड्डा पूर्ण करायचा, कड्यांच्या जागेवरची झाकणं सिलंट लावून पक्की करायची, मुलं बैलावर चढू नयेत म्हणून कुंपण हवं की नको यावर संबंधितांत एकमत व्हायचं आहे. माझं मत नको. मुलं चढणारच आहेत. कुंपणापेक्षा शिंगांची टोकं बोथट केली ते उपयोगी, तेवढं मी आधीच करून घेतलं आहे. देखभालीच्या पानावर लिहिलं: वर्षातून दोनदा खुरांची भोकं मोकळी करणं, फ्लँजचे बोल्ट तपासणं, खरचटलेल्या जागी त्याच आठवड्यात रंग.

शेवटचा हप्ता पावसाळ्याच्या तोंडाशी मिळेल असं सांगितलं आहे. पहिल्या पावसानंतर खुरातून पाणी निघतं का हे बघायला तसंही जायचंच आहे, तेव्हा बिलाची प्रतही सोबत नेईन.